सोलापूर शहराचे सांडपाणी आणि प्रगत भौतिक-रासायनिक शुद्धीकरण पद्धती : एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश

सोलापूर हे अवर्षणप्रवण प्रदेशातील वस्त्रोद्योगाचे शहर आहे. गेल्या दीडशे वर्षांत या शहराने पाण्यासाठी उत्तरोत्तर दूरचे उगम शोधले. परंतु वापरून झालेल्या पाण्याकडे उगम म्हणून पाहिले नाही. प्रस्तुत निबंधात सोलापूरच्या पाणीपुरवठ्याचा आणि सांडपाण्याच्या बदलत्या स्वरूपाचा मागोवा घेतला असून, किलाटन, अधिशोषण, प्रगत ऑक्सिडीकरण व पटल गाळण या भौतिक-रासायनिक पद्धतींच्या इतिहासाशी त्याची सांगड घातली आहे. या पद्धतींचे यश यंत्रसामग्रीपेक्षा मागे उरणारा गाळ व क्षार यांची व्यवस्था, सांडपाण्याचे उगमस्थानी पृथक्करण आणि शुद्ध केलेल्या पाण्याला निश्चित ग्राहक या तीन गोष्टींवर अवलंबून राहिले आहे, असा या अभ्यासाचा निष्कर्ष आहे.

बीजसंज्ञा : सोलापूर, सांडपाणी, वस्त्रोद्योग, किलाटन, व्युत्क्रम तर्षण, पुनर्वापर.

प्रस्तावना

शहराच्या इतिहासात पाण्याचा विचार बहुधा नळापाशी थांबतो. तलाव कोणी बांधला, जलवाहिनी केव्हा आली, याच्या नोंदी मिळतात. तेच पाणी वापरानंतर कोठे गेले याची नोंद क्वचितच आढळते. सोलापूरच्या बाबतीत ही उणीव अधिक जाणवते. एकीकडे शहरातील नागरिकांना अनेक वर्षे काही दिवसांच्या अंतराने पाणी मिळत आले आहे. दुसरीकडे पुरवठा झालेल्या पाण्याचा मोठा भाग दररोज नाल्यांवाटे शहराबाहेर वाहून जातो. केंद्र शासनाच्या तांत्रिक मानकांनुसार पुरवठ्याच्या सुमारे ८० टक्के पाणी सांडपाण्याच्या रूपाने परत येते, असे गृहीत धरले जाते. म्हणजे टंचाई व विपुलता या दोन्ही गोष्टी एकाच शहरात नांदत आहेत. हा विरोधाभास कसा निर्माण झाला आणि तो दूर करण्यास विज्ञानाने कोणती साधने दिली, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. सोलापूर शहराच्या पाणीपुरवठ्याचा व सांडपाण्याच्या स्वरूपाचा ऐतिहासिक आढावा घेणे.
२. भौतिक-रासायनिक शुद्धीकरण पद्धतींच्या विकासाचे टप्पे स्पष्ट करणे.
३. सोलापूरच्या परिस्थितीत या पद्धतींची उपयुक्तता व मर्यादा तपासणे.

अभ्यासपद्धती

प्रस्तुत अभ्यास दुय्यम साधनांवर आधारित असून त्यासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. शहरासंबंधीची आकडेमोड मानकांच्या आधारे केलेली आहे. ती प्रत्यक्ष मोजणी नव्हे.

दूर जाणारे उगम

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सोलापूरची तहान विहिरी, आड व तलाव यांवर भागत असे. सन १८५२ मध्ये येथे नगरपालिका स्थापन झाली. अदिला नदीवर शहराच्या उत्तरेस काही मैलांवर एकरूख येथे तलाव बांधण्याचे काम १८६६ मध्ये सुरू होऊन १८७१ मध्ये पूर्ण झाले. हिप्परग्याचा तलाव म्हणून तो आजही ओळखला जातो. तलाव मुख्यतः सिंचनासाठी होता. पुढे त्याचेच पाणी शहराला मिळू लागले. त्यानंतर थोड्याच वर्षांत, १८७६ ते १८७८ या काळात, दख्खनमधील भीषण दुष्काळाचा तडाखा या जिल्ह्याला बसला.

सन १९०१ च्या जनगणनेत सोलापूरची लोकसंख्या सुमारे ७५ हजार होती; २०११ मध्ये ती ९,५१,५५८ झाली. शहर वाढले तसा पाण्याचा उगम दूर गेला. एकरूखनंतर भीमा नदीवरील टाकळी येथून पाणी आणण्यात आले. सन १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाने जिल्ह्याचे चित्र पालटले आणि १९९० च्या दशकाअखेर शंभर किलोमीटरहून अधिक लांबीच्या जलवाहिनीने उजनीचे पाणी थेट शहरात आले. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटी योजनेच्या पहिल्या वीस शहरांत सोलापूरची निवड झाली आणि समांतर जलवाहिनीचे काम हाती घेण्यात आले. आठ-दहा किलोमीटरपासून शंभर किलोमीटरपर्यंत, असा हा दीडशे वर्षांचा प्रवास आहे.

या प्रवासात एक बाब सहसा दुर्लक्षिली जाते. पुणे शहराचे सांडपाणी मुळा-मुठेतून आणि पिंपरी-चिंचवड परिसराचे सांडपाणी पवना व इंद्रायणीतून भीमेस मिळते व ते उजनीच्या जलाशयात येते. त्यातील बराच भाग शुद्धीकरणाविना येत राहिल्याने जलाशयात पोषक द्रव्ये साचली, जलपर्णी व शेवाळ माजले. अर्थात, वरच्या शहरांचे वापरलेले पाणी सोलापूरकर आधीपासूनच पीत आहेत. फरक इतकाच की हा पुनर्वापर नियोजित नाही. सांडपाण्याच्या पुनर्वापराविषयी मनात किंतु बाळगणाऱ्यांनी ही वस्तुस्थिती ध्यानात घेणे अगत्याचे आहे.

गिरणीपासून डाइंगपर्यंत : सांडपाण्याचे बदलते स्वरूप

सोलापूरची पहिली कापड गिरणी १८७७ मध्ये स्थापन झाली. 'जुनी गिरणी' या नावाने ती लोकस्मृतीत राहिली. पुढे नरसिंग गिरजी, विष्णू व लक्ष्मी या गिरण्या उभ्या राहिल्या. गिरण्यांच्या बरोबरीने हातमागाची परंपरा होती. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी ती समृद्ध केली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोठ्या गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या आणि त्यांची जागा शहराच्या पूर्व भागातील यंत्रमागांनी घेतली. सोलापुरी चादर व टेरी टॉवेल यांना भौगोलिक मानांकन मिळाले ते याच उद्योगामुळे.

सांडपाण्याच्या दृष्टीने हे स्थित्यंतर फार महत्त्वाचे ठरले. गिरणीचे सांडपाणी एका ठिकाणाहून बाहेर पडत असे. त्याची मोजणी व तपासणी शक्य होती. चादरीसाठी मात्र सूत आधी रंगवून मग जॅकार्ड मागावर विणले जाते. त्यामुळे सूत रंगविण्याचे छोटे कारखाने, म्हणजे स्थानिक बोलीतील 'डाइंग', वस्तीतच विखुरले गेले. अशा ठिकाणचे रंगीत पाणी घरगुती सांडपाण्यात मिसळले की शहराच्या मैलापाण्याचे गुणधर्म बदलतात.

रंगांचे रसायनशास्त्रही याच काळात बदलत होते. पूर्वी आल, मंजिष्ठा, नीळ हे वनस्पतिजन्य रंग वापरीत. विल्यम पर्किन यांनी १८५६ मध्ये पहिला कृत्रिम रंग तयार केला आणि शतकअखेरपर्यंत कृत्रिम रंगांनी बाजारपेठ काबीज केली. सन १९५६ मध्ये इंग्लंडमधील आय.सी.आय. या कंपनीने सुती कापडासाठी अभिक्रियाशील रंग बाजारात आणले. हे रंग कापसाच्या तंतूशी रासायनिक बंधाने जोडले जातात. म्हणून ते पक्के असतात. परंतु वापरलेल्या रंगापैकी सर्वसाधारणपणे १० ते ४० टक्के रंग तंतूवर न बसता पाण्यात राहतो. शिवाय रंग तंतूकडे खेचला जावा यासाठी दर लिटर रंगपाण्यात ३० ते ८० ग्रॅमपर्यंत मीठ घालावे लागते. धुलाईनंतर हे मीठ संपूर्णपणे सांडपाण्यात उतरते.

येथेच प्रश्नाचे मूळ आहे. ऊन, साबण व घाम यांना न जुमानणे हा रंगाचा गुण मानला जातो. कापडावरील हा गुण नाल्यात दोष ठरतो, कारण जो रंग उन्हाने उडत नाही, तो जिवाणूंनाही सहजी दाद देत नाही. मीठ तर जिवाणूंच्या आवाक्याबाहेरचेच आहे.

भौतिक-रासायनिक पद्धतींचा उदय व पीछेहाट

पाणी निवळण्यासाठी रासायनिक द्रव्य वापरण्याचे ज्ञान भारतात प्राचीन आहे. निवळीच्या, म्हणजे कतकाच्या, बिया उगाळून पाणी स्वच्छ करण्याचा उल्लेख सुश्रुतसंहितेत आढळतो. पावसाळ्यातील गढूळ पाण्यात तुरटी फिरविण्याची रीत महाराष्ट्रातील घराघरांत होती. पाण्यातील सूक्ष्म कणांवर ऋण विद्युत्भार असल्याने ते परस्परांना दूर लोटतात व तळाशी बसत नाहीत. तुरटीतील ॲल्युमिनियम हा भार नाहीसा करते. मग कण एकत्र येऊन त्यांचे पुंजके बनतात व खाली बसतात. यालाच किलाटन म्हणतात. विशेष म्हणजे हीच तुरटी जुन्या रंगाऱ्यांच्या कामाची होती. आल किंवा मंजिष्ठेचा रंग कापडावर पक्का बसावा म्हणून ती रंगबंधक म्हणून वापरीत. रंग कापडावर धरून ठेवणारे आणि पाण्यातून काढून टाकणारे द्रव्य एकच होते.

युरोपात औद्योगिक शहरांच्या वाढीबरोबर सांडपाण्याचा प्रश्न तीव्र झाला. लेस्टर येथे थॉमस विक्स्टीड यांच्या योजनेनुसार १८५५ च्या सुमारास चुन्याच्या साहाय्याने मैलापाणी निवळण्यास प्रारंभ झाला. पुढे तुरटी, रक्त व चिकणमाती यांच्या मिश्रणाची एक पद्धत इंग्लंडमध्ये गाजली. खाली बसलेला गाळ खत म्हणून विकून नफा मिळवावा, अशी या योजनांमागील अपेक्षा होती. ती फोल ठरली. पाणी बऱ्यापैकी निवळे. परंतु गाळाला ग्राहक मिळेना. विरघळलेले सेंद्रिय पदार्थ पाण्यात राहत ते निराळेच.

याच सुमारास जैविक पद्धती पुढे आल्या. मुंबईतील माटुंगा येथील कुष्ठरुग्णालयात १८९७ मध्ये मैल्यापासून निघणारा वायू साठवून त्यावर इंजिन चालविण्यात आले. जगातील अशा आरंभीच्या प्रयोगांत त्याची गणना होते. सन १९१४ मध्ये मँचेस्टर येथे आर्डर्न व लॉकेट यांनी सक्रियित गाळ पद्धत जाहीर केली. त्यांना प्रेरणा देणारे गिल्बर्ट फाउलर १९१६ मध्ये बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले आणि या पद्धतीचा परिचय भारतास झाला. जिवाणूंना हवा पुरवून त्यांच्याकडून सेंद्रिय मळ खाववून घेण्याची ही युक्ती तुलनेने स्वस्त व परिणामकारक होती. साहजिकच रासायनिक पद्धती मागे पडल्या.

प्रगत पद्धतींचे पुनरागमन

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दोन कारणांनी भौतिक-रासायनिक पद्धती परत आल्या. जिवाणूंना न पचणारी कृत्रिम द्रव्ये पाण्यात वाढली आणि कोरड्या प्रदेशांतील शहरांना वापरलेले पाणी परत हवे झाले. नामिबियातील विंडहुक शहराने १९६८ मध्ये सांडपाण्यापासून पिण्याचे पाणी तयार करण्यास आरंभ केला. सिंगापूरने २००३ मध्ये पटलांद्वारे शुद्ध केलेले पाणी उद्योगांना व अंशतः जलाशयांना देण्यास सुरुवात केली.

या पद्धतींचे स्थूलमानाने तीन गट पडतात.

पहिला गट अधिशोषणाचा होय. सक्रियित कोळशाच्या एका ग्रॅममध्ये शेकडो चौरस मीटर अंतर्गत पृष्ठभाग असतो; त्यावर रंगाचे रेणू चिकटतात. पाणी रंगहीन होते, परंतु रंग नष्ट होत नाही. तो कोळशावर जातो. कोळसा पुन्हा तापवून ताजा करावा लागतो.

दुसरा गट प्रगत ऑक्सिडीकरणाचा होय. केंब्रिजचे हेन्री फेंटन यांनी १८९४ मध्ये लोहक्षार व हायड्रोजन पेरॉक्साइड यांच्या संयुक्त ऑक्सिडीकारक क्रियेचे वर्णन केले. त्यामागे हायड्रॉक्सिल हा अत्यंत क्रियाशील मूलक असल्याचे प्रतिपादन चार दशकांनी झाले. हा मूलक रंगाच्या रेणूतील नायट्रोजनचा दुहेरी बंध तोडतो व रंग लोपतो. ओझोन, अतिनील किरण व टायटॅनियम डायऑक्साइडवरील प्रकाश-उत्प्रेरण हे याच गटातील मार्ग होत. मात्र फेंटन क्रियेसाठी पाणी आम्लधर्मी करावे लागते व लोहाचा गाळ निर्माण होतो. सांडपाण्यात मीठ अधिक असल्यास क्लोराइड या मूलकांचा बराच भाग स्वतःच संपवून टाकतो. डाइंगच्या पाण्यासंदर्भात ही मर्यादा महत्त्वाची आहे. शिवाय रंग गेला म्हणजे विषारीपणा गेला असे होत नाही. अर्धवट तुटलेले रेणू कधी कधी अधिक घातक असतात.

तिसरा गट पटल गाळणाचा होय. कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोब व भारतीय वंशाचे श्रीनिवास सौरीराजन यांनी १९५९-६० च्या सुमारास व्यवहार्य व्युत्क्रम तर्षण पटल तयार केले. आज घरोघरी 'आर.ओ.' या नावाने परिचित असलेले तंत्र ते हेच. पाणी दाबाने पटलातून जाते. क्षार व रंग अलीकडे राहतात. विरघळलेले मीठ मोठ्या प्रमाणावर काढण्याचा हा सर्वांत व्यवहार्य मार्ग ठरला आहे. परंतु पलीकडे शुद्ध पाणी जाते, तेव्हा अलीकडे तीव्र क्षारयुक्त द्रव उरतो. विक्स्टीड यांच्या काळी जो प्रश्न गाळाचा होता, तोच आज या क्षारद्रवाचा आहे.

भारतातील दोन अनुभव

महाराष्ट्रात १९६९ मध्ये जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा झाला व १९७० मध्ये राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झाले. केंद्राचा कायदा १९७४ चा. म्हणजे कायद्याच्या बाबतीत महाराष्ट्र देशाच्या पुढे होता. नागपूर येथे १९५८ मध्ये स्थापन झालेली व पुढे 'नीरी' या नावाने ओळखली जाणारी संस्था सांडपाण्यावरील संशोधनाचे केंद्र बनली.

प्रत्यक्ष वापराचे लक्षणीय उदाहरण मुंबईत घडले. चेंबूर येथील राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स या सार्वजनिक उपक्रमाने २००० साली महापालिकेचे मैलापाणी घेऊन त्यावर जैविक प्रक्रिया, वाळूगाळण व व्युत्क्रम तर्षण करणारे केंद्र सुरू केले. दररोज सुमारे २३ दशलक्ष लिटर मैलापाण्यातून सुमारे १५ दशलक्ष लिटर पाणी कारखान्यास मिळू लागले. येथे ग्राहक आधी निश्चित होता. तंत्र नंतर आले.

दुसरा अनुभव तमिळनाडूतील तिरुप्पूरचा. तेथील रंगकारखान्यांच्या क्षारयुक्त पाण्याने नोय्यल नदी व खालच्या भागातील शेती यांची मोठी हानी झाली. शेतकऱ्यांच्या दीर्घ न्यायालयीन लढ्यानंतर जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने नियमपूर्ती न करणारे रंगकारखाने व सामूहिक शुद्धीकरण केंद्रे बंद करण्याचा आदेश दिला. हजारो कामगारांच्या रोजगारावर त्याचा परिणाम झाला. पुढे पटले, बाष्पके व मिठाचा पुनर्वापर यांच्या साहाय्याने उद्योग पुन्हा उभा राहिला. परंतु वीज व देखभालीचा मोठा बोजा स्वीकारूनच. शुद्धीकरण लांबणीवर टाकल्याने खर्च वाचत नाही. तो नदीकाठचा शेतकरी आणि शेवटी कामगार यांच्यावर पडतो, हे तिरुप्पूरने दाखवून दिले. यंत्रमाग व डाइंगवर हजारो कुटुंबांची उपजीविका असलेल्या सोलापूरने यापासून बोध घेणे आवश्यक आहे.

सोलापूरपुढील पर्याय

सोलापूरमध्ये देगाव, कुमठे व प्रतापनगर येथे मैलाशुद्धीकरण केंद्रे उभारण्यात आली. त्यांपैकी देगावच्या केंद्राची क्षमता दररोज ७५ दशलक्ष लिटर आहे. २०११ ची लोकसंख्या आणि दरडोई १३५ लिटर हे मानक धरल्यास शहरात दररोज सुमारे १०३ दशलक्ष लिटर सांडपाणी निर्माण होते.

या पाण्याचा संभाव्य ग्राहक शहराजवळच आहे. दक्षिण सोलापूर तालुक्यातील एन.टी.पी.सी.च्या औष्णिक वीज प्रकल्पाची क्षमता १,३२० मेगावॅट असून त्याचे दोन संच २०१७ व २०१९ मध्ये कार्यान्वित झाले. हा प्रकल्पही उजनीच्या पाण्यावरच उभा आहे. नव्या औष्णिक केंद्रांसाठी दर मेगावॅट-तासास ३ घनमीटर ही पाणीवापराची कमाल मर्यादा आहे. पूर्ण भाराने चालल्यास या प्रकल्पाची गरज दररोज सुमारे ९५ दशलक्ष लिटरपर्यंत जाऊ शकते. जानेवारी २०१६ च्या केंद्रीय वीजदर धोरणाने मैलाशुद्धीकरण केंद्राच्या ५० किलोमीटर परिघातील औष्णिक केंद्रांना शुद्ध केलेले सांडपाणी वापरणे बंधनकारक केले आहे. चेंबूरचे प्रमाण देगावला लावले तर ७५ दशलक्ष लिटरमधून सुमारे ५० दशलक्ष लिटर उच्च प्रतीचे पाणी मिळू शकते. तेवढेच उजनीचे पाणी पिण्यासाठी मोकळे होईल.

येथे उपयोगानुरूप शुद्धतेचे तत्त्व लक्षात घेतले पाहिजे. शीतक मनोऱ्यासाठी सर्व पाण्यावर व्युत्क्रम तर्षण करण्याची गरज नसते. किलाटन, गाळण व निर्जंतुकीकरण यांवर बरेचसे काम भागते. मात्र पाण्यात डाइंगचे मीठ मिसळलेले असेल तर हा स्वस्त मार्ग बंद होतो. म्हणून रंगाचे पाणी उगमापाशीच वेगळे ठेवणे निर्णायक ठरते. थोड्या, तीव्र पाण्यावर रासायनिक प्रक्रिया करणे सोपे असते. तेच पाणी शहरभरच्या मैलापाण्यात पातळ झाल्यावर ते काम कितीतरी पटीने महाग होते. एकट्या छोट्या कारखानदारास हा भार पेलणे कठीण असल्याने सामूहिक केंद्राखेरीज गत्यंतर नाही.

निष्कर्ष

१. सोलापूरचे पाण्याचे उगम दीडशे वर्षे दूर जात राहिले. शहराबरोबर वाढणारा आणि दूर न जाणारा उगम म्हणजे त्याचे स्वतःचे सांडपाणी होय.
२. भौतिक-रासायनिक पद्धती नव्या नाहीत. एकोणिसाव्या शतकात त्या मागे पडण्यामागे गाळाची व्यवस्था न होणे हे मोठे कारण होते. आज पटल गाळणाच्या क्षारद्रवाबाबत तीच चूक टाळली पाहिजे.
३. या पद्धती जैविक शुद्धीकरणाला पर्याय नसून पूरक आहेत. डाइंगचे पाणी उगमापाशी वेगळे करून त्यावर रासायनिक प्रक्रिया, मैलापाण्यावर जैविक प्रक्रिया आणि पुनर्वापरापूर्वी गरजेपुरते पटल गाळण, हा क्रम सोलापूरला अनुरूप दिसतो.
४. शुद्ध पाण्याचा ग्राहक व दर निश्चित केल्याशिवाय उभारलेली केंद्रे टिकत नाहीत. चेंबूरचा अनुभव याची साक्ष देतो.

सोलापूरच्या नाल्यांचे पाणी सीनेस व सीना हत्तरसंग-कुडल येथे भीमेस मिळते. पुण्याकडून आलेल्या पाण्याविषयी सोलापूरकरांची जी तक्रार आहे, तीच तक्रार संगमाखालच्या गावांना सोलापूरविषयी करता येईल. वरच्या शहरांकडून स्वच्छ पाण्याची अपेक्षा बाळगणाऱ्या शहराने खालच्या गावांबाबतचे आपले उत्तरदायित्व प्रथम पार पाडणे, हेच या इतिहासाचे सांगणे आहे.